दिवेलागण ते निजानीज

चांदूर रेल्वेहून रोज गाडीने बडनेरा-अमरावती गाठणारा नोकरदार सायंकाळी घरी परततो, हातपाय धुतो, जेवतो आणि ट्यूबलाइटच्या पांढऱ्याफेक उजेडात टीव्ही व मोबाइल पाहत अकरा वाजवतो. मग अंथरुणावर तळमळतो. दोष चहाला देतो. चहाचा वाटा असतोही. पण उजेडाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात, की त्यांचे मुख्य काम दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळविण्याचे. निळसर-पांढऱ्या उजेडाने त्या अधिक चेतवल्या जातात. मेंदूला वाटते, दिवस अजून मावळलाच नाही. मग झोपेची वेळ कळविणारे मेलाटोनिन हे संप्रेरक पाझरण्यास उशीर होतो. शरीरातील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

आता बाजारात मोबाइलवरून चालणारे ‘स्मार्ट’ दिवे मिळतात. त्यांचा खरा उपयोग चैनीपेक्षा या घड्याळासाठी करावा. रंग बदलणारा दिवा घ्यावा. खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो : ६५०० म्हणजे पांढरा, २७०० म्हणजे पिवळसर. दिवेलागणीला पूर्ण उजेड, नऊ वाजता पिवळा व मंद, साडेदहाला बंद, असे वेळापत्रक एकदाच भरून ठेवावे. रोज मोबाइल हाती घेऊन दिवा मंद करायचा, तर त्यात काय साधले?

दोन गोष्टी दुकानदार सहसा सांगत नाही. भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. सवयीने कोणी ते बंद केले, की वेळापत्रक तिथेच संपले. बटणावर चिकटपट्टी लावावी. दुसरी आपल्याकडे फार महत्त्वाची. वीज जाऊन रात्री दोनला परत आली, की असे बरेच दिवे आपोआप लख्ख पेटतात आणि सारे घर जागे होते. वीज आल्यावर दिवा पूर्वीच्याच स्थितीत राहील, अशी सोय त्यात आहे काय, हे घेण्यापूर्वी विचारावे. खर्च नको असल्यास खोलीत एक कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून नऊनंतर ट्यूबलाइट बंद करावी. निम्मे काम होते.

उरले मोबाइलचे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली गावाने ठराव करून सायंकाळी सातला भोंगा वाजविण्यास सुरुवात केली. भोंगा वाजला, की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. हेतू मुलांच्या अभ्यासाचा व घरातल्या बोलण्याचा होता, झोपेचा नव्हे. पण सगळ्यांनी एकाच वेळी बंद केले, म्हणजे कोणालाच आपण एकटे मागे राहिलो असे वाटत नाही, ही त्यातली खुबी. घरातही नऊचा गजर लावता येईल. मात्र तो वडिलांनीही पाळायला हवा!

घरात वृद्ध किंवा मधुमेही असतील, तर मिट्ट अंधार करू नये. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे कित्येक महिने अंथरुणात जातात. हालचाल होताच पेटणारा लहान पिवळा दिवा पलंगापासून मोरीपर्यंतच्या वाटेवर लावावा. गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे उजेड पायांपुढे पडतो, डोळ्यांवर येत नाही. घोरताना श्वास अडकणे, किंवा आठवड्यातून तीन-चार रात्री झोप न लागणे महिनाभर चालले, तर मात्र दिवे बदलत न बसता डॉक्टरांना दाखवावे. झोपेची गोळी चालू असल्यास ती आपल्या मनाने बंद करू नये.