पाठ १४ : आईच्या गाडीचे टायर

वाचण्याआधी

१. तुम्ही राहता तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो का? तेव्हा घरातले लोक गाडी कशी चालवतात?
२. तुमच्या घरी गाडीच्या टायरकडे कोण लक्ष देतं?
३. गाडीत ठेवलेल्या जास्तीच्या चाकाला मराठी माणसं काय म्हणतात? माहीत नसेल तर पाठानंतरची ‘शब्दाची गोष्ट’ वाचा.

पाठ

(१) आईने उशिरा सांगितलेली गोष्ट

आम्ही कॅनडात, ओटावा शहरात राहतो. माझी आई एका रुग्णालयात नर्स आहे. तिचं काम सकाळी सात वाजता सुरू होतं, म्हणून ती सव्वासहाला घरातून निघते. हिवाळ्यात त्या वेळी बाहेर अंधार असतो. आमच्या गल्लीतला बर्फ बाजूला करणारी गाडी तेव्हा बहुधा आलेली नसते.

या वर्षी सप्टेंबरमध्ये आजोबा चिपळूणहून आमच्याकडे राहायला आले. ते आईचे वडील. आई त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं कुंभार्ली घाटात.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री आम्ही जेवत होतो. आजोबांनी सहज विचारलं, “इथं बर्फात गाडी घसरत नाही का गं?”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “गेल्या फेब्रुवारीत घसरली होती. पुढे लाल सिग्नल होता. मी ब्रेक दाबला, पण गाडी थांबलीच नाही. हळूहळू घसरत चौकाच्या मधोमध गेली. नशीब, दुसरी गाडी येत नव्हती.”

बाबांचा घास हातातच राहिला. “अगं, मग तू आम्हाला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही रोज सकाळी काळजी करत बसला असता.”

आजोबांनी ताटावरून हात धुतला आणि म्हणाले, “उद्या उजेडात मला गाडीचे टायर दाखवा.”

(२) आजोबांची तपासणी

दुसऱ्या दिवशी आजोबा गाडीजवळ उकिडवे बसले. त्यांनी टायरवरून बोटं फिरवली.

“खाचा अजून बऱ्या आहेत. टायर गुळगुळीत झालेला नाही. मग घसरला कसा?”

ताईला नुकताच गाडी चालवायचा परवाना मिळाला होता. तिने त्यासाठी बराच अभ्यास केला होता. ती म्हणाली, “आजोबा, खाचा ठीक आहेत, पण हे टायर ऑल-सीझन आहेत. थंडीत त्यांचं रबर कडक होतं. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेलं की त्यांची पकड कमी व्हायला लागते. आणि इथं जानेवारीत रात्री उणे पंधरासुद्धा होतं.”

“म्हणजे शिळ्या भाकरीसारखं,” आजोबा म्हणाले. “ताजी असते तेव्हा मऊ. दुसऱ्या दिवशी कडक.”

“अगदी तसंच! विंटर टायरचं रबर वेगळं असतं. ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्यावर शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात.”

मी विचारलं, “पण नाव तर ऑल-सीझन आहे. ऑल म्हणजे सगळे ऋतू ना?”

ताई हसली. “नावावर जाऊ नकोस. टायरच्या बाजूला काय छापलंय ते बघ.”

मी वाकून पाहिलं. ‘एम प्लस एस’ अशी अक्षरं होती. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. पण ही अक्षरं फक्त खाचांच्या रचनेबद्दल सांगतात. ती छापण्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही. बर्फावर परीक्षा दिलेल्या टायरवर वेगळी खूण असते : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत एक हिमकण. आईच्या टायरवर ती खूण नव्हती.

(३) कोणते टायर घ्यायचे?

रात्री सगळे पुन्हा टेबलाभोवती बसले. ताईने एका कागदावर तीन ओळी लिहिल्या :

• ऑल-सीझन : उन्हाळा, पाऊस आणि हलकी थंडी यांसाठी चांगले. जास्त दिवस टिकतात. बर्फात कमी पडतात.
• ऑल-वेदर : वर्षभर ठेवता येतात. डोंगर-हिमकणाची खूण असते. बर्फात ऑल-सीझनपेक्षा चांगले, पण गोठलेल्या रस्त्यावर चांगल्या विंटर टायरइतके नाहीत.
• विंटर : थंडीत सगळ्यात चांगली पकड. उन्हाळ्यात मात्र काढावे लागतात, कारण गरम रस्त्यावर मऊ रबर लवकर झिजतं आणि गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं.

बाबा म्हणाले, “मग ऑल-वेदर घेऊ या. आपण फ्लॅटमध्ये राहतो. काढलेले चार टायर ठेवायचे कुठे? दर वर्षी दोनदा बदलायचा खर्च वेगळाच.”

बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ताईसुद्धा म्हणाली, “शहरातच फिरणाऱ्या आणि जास्त बर्फ पडला तर घरी थांबू शकणाऱ्या माणसाला ऑल-वेदर पुरतात.”

“पण मला घरी थांबता येत नाही,” आई म्हणाली. “जितका जास्त बर्फ, तितकी रुग्णालयात जास्त गर्दी.”

कोणी काही बोललं नाही. मग बाबांनी दुसरा उपाय काढला. “पुढचे दोनच विंटर टायर घेतले तर? इंजिनची ताकद पुढच्याच चाकांना मिळते.”

आता आजोबा पुढे सरकले. “नको, जावईबापू. पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची सोडतील. वळणावर गाडीची शेपटी फिरेल. घाटात ओल्या रस्त्यावर मी हे पाहिलंय. चारही सारखेच पाहिजेत.”

“आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतली तर?” मी विचारलं. माझ्या मित्राकडे तशी गाडी आहे. त्याचे बाबा टायर कधीच बदलत नाहीत.

“ती गाडी बर्फातून निघेल लवकर,” ताई म्हणाली. “पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबायच्या वेळी टायरच कामाला येतात.”

आजोबांनी मान डोलावली. “आम्हाला डेपोत जुने ड्रायव्हर सांगायचे, गाडी चालवणारे पुष्कळ, थांबवणारे थोडे. टायर पळण्यासाठी नाही, थांबण्यासाठी निवडायचे. आणि नेहमीचा दिवस धरून निवडायचे नाहीत. सगळ्यात वाईट सकाळ धरून निवडायचे.”

बाबांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला आणि हिशोब मांडला. चार टायर, त्यांच्यासाठी वेगळ्या लोखंडी रिम आणि बसवण्याची मजुरी. आकडा मोठा होता. पण काही गोष्टी जमेच्याही होत्या. विंटर टायर वापरताना जुने टायर विश्रांती घेतात, म्हणून दोन्ही संच जास्त वर्षं टिकतात. वेगळ्या रिम असल्या की दर वेळी टायर रिमवरून काढावे लागत नाहीत, सरळ चाकंच बदलता येतात. आणि आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्यांना विमा कंपन्यांनी सवलत द्यावी असा नियम आहे.

“इथं कायदा काय म्हणतो?” आजोबांनी विचारलं.

“ऑन्टॅरिओत सक्ती नाही,” बाबा म्हणाले. “पण नदीच्या पलीकडे क्वेबेक प्रांत आहे. तिथे नोंदवलेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्चपर्यंत डोंगराची खूण असलेले टायर लावावेच लागतात.”

“म्हणजे नदी ओलांडली की कायदा बदलतो,” आजोबा म्हणाले. “बर्फ मात्र दोन्हीकडे सारखाच!”

सगळे हसले. बाबांनी कागदावरच्या तिसऱ्या ओळीभोवती गोल काढला. त्यांना या वर्षी नवा लॅपटॉप घ्यायचा होता. त्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

(४) पहिला बर्फ

पहिला बर्फ पडला की गॅरेजमध्ये रांग लागते. म्हणून आम्ही ऑक्टोबरच्या शेवटीच टायर बदलून घेतले. जुनी चाकं ठेवायला त्याच गॅरेजमध्ये भाड्याने जागा मिळाली. मेकॅनिकने दोन गोष्टी सांगितल्या : शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा घट्ट करून घ्या, आणि दर महिन्याला हवा तपासा. थंडी वाढली की टायरमधला दाब उतरतो. तापमान पाच-सहा अंशांनी कमी झालं तर दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रविवारी चांगला बर्फ पडला. आई, ताई, आजोबा आणि मी एका रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. आईने गाडी हळू चालवली आणि अचानक ब्रेक दाबला. पायाखाली कर्रकर्र आवाज झाला, पेडल थरथरलं आणि गाडी सरळ रेषेत थांबली. आईने पुन्हा केलं. मग ताईनेही करून पाहिलं.

“घसरते थोडी,” आई म्हणाली.

“घसरणारच,” आजोबा म्हणाले. “टायर नवे आहेत, पण रस्ता बर्फाचाच आहे. पुढच्या गाडीपासून लांब राहा. टायर चांगले आहेत म्हणून वेग वाढवलास, तर पैसे फुकट गेले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी दाराचा आवाज ऐकला आणि उठलो. आजोबा स्वेटर घालून खिडकीशी उभे होते. आईची गाडी हळूहळू गल्लीच्या टोकाला गेली. तिथे थांबण्याची पाटी आहे. मागचे लाल दिवे लागले. गाडी पाटीच्या जागीच थांबली. मग वळून दिसेनाशी झाली.

“थांबली,” आजोबा म्हणाले. “चल, आता चहा टाकू.”

शब्दांशी ओळख

• खाच : खोल रेघ. टायरच्या खाचांमधून पाणी आणि बर्फ बाहेर जातो.
• चीर : अगदी बारीक कापलेली जागा. अनेकवचन : चिरा.
• पकड : घट्ट धरण्याची ताकद.
• उकिडवं बसणं : दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, गुडघे दुमडून बसणं.
• झिजणं : वापरून वापरून हळूहळू कमी होणं.
• जमेची बाजू : फायद्याची गोष्ट.
• सक्ती : करावंच लागेल असा नियम.
• जावईबापू : मुलीच्या नवऱ्याला आदराने आणि प्रेमाने मारलेली हाक.
• चहा टाकणं : चहा करायला ठेवणं. इथे चहा फेकून देत नाहीत!

शब्दाची गोष्ट : स्टेपनी

भारतात गाडीतल्या जास्तीच्या चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात. हा शब्द वेल्समधून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाड्यांबरोबर जास्तीचं चाक मिळत नसे. १९०४ साली लॅनेली गावातल्या दोन भावांनी पंक्चर झाल्यावर लावायचं एक चाक तयार केलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून चाकाचं नावही स्टेपनी पडलं. ब्रिटनमध्ये आता हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. मराठीत मात्र तो रोजचा आहे.

भाषेकडे लक्ष द्या

अ. -पेक्षा आणि -इतका. दोन गोष्टींची तुलना करताना हे शब्द वापरतात.
ऑल-वेदर टायर ऑल-सीझनपेक्षा चांगले. (फरक आहे.)
ते विंटर टायरइतके चांगले नाहीत. (बरोबरी होत नाही.)

आ. ‘-लं की’ आणि ‘-लं तर’. नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी ‘की’ : *पहिला बर्फ पडला की गॅरेजमध्ये रांग लागते.* घडेल किंवा घडणार नाही अशा गोष्टीसाठी ‘तर’ : *दोनच टायर घेतले तर गाडीची शेपटी फिरेल.*

इ. लिहिणं आणि बोलणं. पुस्तकात ‘येथे कायदा काय म्हणतो’ असं दिसेल. आजोबा ‘इथं’ म्हणतात, बाबा ‘तिथे’ म्हणतात. बोलताना दोन्ही चालतं.

प्रश्न

१. आईने फेब्रुवारीतली गोष्ट लगेच का सांगितली नाही?
२. खाचा चांगल्या असूनही गाडी का घसरली?
३. ‘एम प्लस एस’ आणि डोंगर-हिमकणाची खूण यांत काय फरक आहे?
४. बाबांना ऑल-वेदर टायर का हवे होते? शेवटी त्यांचं मत का बदललं?
५. “सगळ्यात वाईट सकाळ धरून निवडायचे” म्हणजे काय? टायर सोडून दुसरं एखादं उदाहरण द्या.
६. बाबा लॅपटॉपबद्दल काही बोलले नाहीत. यावरून तुम्हाला काय समजलं?

करून पाहा

मोठ्या माणसाबरोबर तुमच्या गाडीचे टायर बघा. बाजूला कोणती खूण आहे? ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२३ असेल, तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. चार आकडे दिसले नाहीत, तर ते टायरच्या दुसऱ्या बाजूला असतील.

मग तुमच्या आजी-आजोबांना फोन करा. त्यांच्या गावात पावसाळ्यात गाडी कशी चालवतात, ते विचारा. त्यांचं उत्तर आठ-दहा वाक्यांत लिहा. ‘की’ आणि ‘तर’ प्रत्येकी दोनदा वापरा.