माघ-फाल्गुनातील कोकणचा वारा व हवामानाचा अंदाज



दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्या शाळेचे वार्षिक क्रीडासंमेलन भरले होते. आदल्या सायंकाळी आम्ही हवामान खात्याचा अंदाज वाचावयास घेतला. ‘कोकणात हवामान कोरडे राहील’ एवढे पहिले वाक्य वाचले आणि समाधानाने वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली. मंडप भिजणार नाही, याहून अधिक आम्हांस काय हवे होते? दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास पंधराशे मीटरच्या शर्यतीत आठवीतला एक मुलगा शेवटच्या फेरीत भोवळ येऊन पडला. त्यास चिंचेखाली नेले, कपडे सैल केले, ओल्या पंचाने अंग पुसले, वारा घातला. देवाच्या दयेने थोड्याच वेळात तो सावध झाला, व दवाखान्यातून त्याला त्याच दिवशी घरी जाता आले. संमेलन आम्ही तेथेच थांबविले.

मुलाची आई मासळी सुकविण्याचे काम करते. ती धावत आली, मुलाजवळ बसली, आणि रागाचा एकही शब्द न काढता एवढेच म्हणाली, “सर, आज पहाटेपासून वारा डोंगराकडचा आहे. तो अजून फिरला नाही. आम्ही बायकांनी सकाळीच म्हटलं होतं, आज ऊन करपवणार.” आम्ही पदवीधर शिक्षक. भूगोलाच्या तासाला खारे वारे व मतलई वारे यांच्या आकृत्या वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो. परंतु फळ्यावरचा बाण आणि मैदानावरचा वारा यांची आम्ही कधी गाठ घालून दिली नव्हती. घरी जाऊन घडी केलेले वर्तमानपत्र पुन्हा उघडले, तेव्हा दुसऱ्याच वाक्यात तापमान वाढण्याची सूचना छापलेली आढळली.

तेव्हा प्रथम त्या बाणांकडेच पाहू. पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारे चौपट ते पाचपट उष्णता लागते. शिवाय समुद्राचे पाणी सतत खालीवर होत असल्यामुळे मिळालेली उष्णता खोलवर वाटली जाते. जमीन मात्र ती सारी वरच्या वीतभर थरातच साठविते. म्हणून फेब्रुवारीत कोकणच्या किनाऱ्यालगतचा समुद्र रात्रंदिवस सुमारे 25 ते 28 अंशांवर असतो, आणि जमीन सकाळी त्याहून गार, तर दुपारी पुष्कळच तप्त होते. दुपारी जमिनीवरील हवा तापून वर चढते व तिची जागा घेण्यास समुद्रावरील हवा आत शिरते. हाच खारा वारा. रात्री उलट होते व मतलई वाहू लागते. या दिवसांत आकाश निरभ्र असल्यामुळे रात्री जमीन झपाट्याने निवते, मतलईला जोर येतो, आणि पहाटे शाल घेऊन बाहेर पडलेला मनुष्य दुपारी छत्री शोधीत परततो. सामान्यतः बाराच्या आगेमागे वारा फिरतो, आणि तो फिरला की पाऱ्याची चढण थांबते. माघ-फाल्गुनातील दुपार कशी जाईल हे आकाशापेक्षा या एका गोष्टीवर अधिक अवलंबून असते.

परंतु मध्य भारतावर हवेच्या उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले, म्हणजे पूर्वेकडील वारे बळावतात व खाऱ्या वाऱ्यास किनाऱ्यावरच अडवून धरतात. तो दोन-तीन तास उशिरा येतो. क्वचित येतच नाही. त्यात आणखी एक भर पडते, व तिचे गणित नववीच्या विद्यार्थ्यांस सहज करता येईल. कोरडी हवा खाली उतरू लागली की वरच्या हवेच्या वाढत्या भाराने ती दाबली जाते, व दर 100 मीटर उतारास सुमारे एक अंश तापते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. फेब्रुवारीअखेर तेथे दुपारचे तापमान 32 अंश असले, आणि तीच हवा सह्याद्रीवरून कोकणात उतरली, तर ती किती अंशांची होईल? 32 अधिक 5.6, म्हणजे साडेसदतीसच्या थोडी वर. प्रत्यक्षात हवा वाटेत मिसळते, म्हणून उत्तर इतके काटेकोर येत नाही. तथापि ‘डोंगराकडचा वारा करपवतो’ या म्हणण्याचा अर्थ एवढ्या बेरजेत येऊन जातो.

समुद्र पश्चिमेस असणाऱ्या देशांतील लोकांना हे ज्ञान फार जुने आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायात पश्चिमेस उठणारा ढग व दक्षिणेकडून सुटणारा वारा यांवरून पाऊस व उष्मा ओळखणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. नकाशा उघडा: पॅलेस्टाईनच्या पश्चिमेस समुद्र आहे आणि दक्षिणेस वाळवंट. वारा कोणत्या भूमीवरून येतो ते पाहावे, एवढीच त्यांची विद्या होती, आणि ती खोटी नव्हती.

आता अंदाजाच्या भाषेकडे वळू. हवामान खात्याने देशाचे 36 उपविभाग केले आहेत, आणि ‘कोकण व गोवा’ हा त्यांपैकी एक. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांपासून थेट गोव्याच्या दक्षिण टोकापर्यंतची पट्टी या एकाच नावाखाली येते. म्हणून अंदाजातील स्थलवाचक शब्द हे अलंकार नसून मापे आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे उपविभागातील केंद्रांपैकी एक चतुर्थांशापर्यंत. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशापर्यंत. आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहूनही अधिक. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ असे वाचून ज्याच्या अंगणात थेंबही पडला नाही, त्याने खात्यास खोटे ठरविण्याचे कारण नाही. हे शब्द पाठ करावेत, अशी आमची विद्यार्थ्यांस खास विनंती आहे. परीक्षेत ते येणार नाहीत, तरीही.

तापमानाच्या आकड्याविषयीही एक समजूत दूर केली पाहिजे. तो आकडा उन्हाचा नव्हे. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, फटी असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत टांगलेला असतो. भर उन्हात धावणाऱ्या मुलाच्या पायाखालची जमीन त्याहून कितीतरी तापलेली असते. आणि ‘उष्णतेची लाट’ हा शब्दही मोजूनच वापरला जातो. किनाऱ्यावरील केंद्रासाठी कमाल तापमान 37 अंश वा अधिक असावे व ते त्या दिवसाच्या सरासरीहून निदान 4.5 अंशांनी चढलेले असावे. शिवाय उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसे घडावे, तेव्हाच लाट जाहीर होते. मैदानी प्रदेशास हीच मर्यादा 40 अंशांची आहे. नागपूरकरांस आपले 37 अंश ऐकून हसू येईल. परंतु आपल्याकडे हवा दमट, घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. यावरून असेही दिसेल की 36 अंश तापमान असता लाट जाहीर होणार नाही, आणि तरीही मैदानावर मुलगा पडू शकेल.

हे उन्हाळे सर्वस्वी नवे नव्हेत. मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर 25 फेब्रुवारी 1966 रोजी 39.6 अंश तापमान नोंदले गेले होते. परंतु देशभराचा विचार करता 2023 चा फेब्रुवारी दुपारच्या सरासरी तापमानाने 1901 पासूनच्या सर्व फेब्रुवारींहून चढा ठरला. त्याच महिन्यात कोकण व कच्छ या भागांसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला, आणि लवकरच तो मागेही घेण्यात आला. समुद्रावरील वारे सुरू होऊन तापमान उतरले, हे त्याचे कारण. त्या वेळी पुष्कळांनी खात्याची थट्टा केली. आम्हांस ती मुळीच रुचली नाही. खारा वारा तासभर आधी येतो की नंतर, यावर जेथे चार-पाच अंशांचा फरक पडतो, तेथे दिलेला शब्द पुन्हा तपासून दुरुस्त करणे हेच प्रामाणिक काम होय. 2025 च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तसाच इशारा निघाला, तेव्हा मुंबईत पारा 38 अंशांपलीकडे गेलाच. म्हणून आदल्या दिवशी वाचलेला अंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहावा; तो दिवसातून एकाहून अधिक वेळा सुधारला जातो.

आमच्या पालकवर्गात आंबा-बागायतदार पुष्कळ आहेत, व त्यांना हा विषय आमच्याहून अधिक झोंबणारा आहे. या दिवसांत हापूसच्या एकाच झाडावर मोहोर, वाटाण्याएवढी फळे व गोटीएवढ्या कैऱ्या एकत्र दिसतात. उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातांचा प्रभाव कधीकधी येथवर पोहोचतो. आकाश ढगाळते, हवा दमट होते, आणि मोहोरावर तुडतुडे व भुरी यांचे फावते. उलट तापमान एकाएकी चढले की वाटाण्याएवढी फळे जमिनीवर सडा घालतात. ढग दिसला की पंप पाठीवर घेण्याची घाई होते, हे आम्ही जाणतो. वर्षाचा संसार त्या मोहोरावर चालतो. तरी पूर्ण फुललेल्या मोहोरावर औषध मारले तर फळधारणा घडविणाऱ्या माश्याच मरतात, याचा विसर पडू नये. अंदाजात ‘ढगाळ’ आहे की ‘कमाल तापमानात वाढ’ आहे हे आधी पाहावे. पहिल्यात बागेची पाहणी हवी. दुसऱ्यात झाडाच्या आळ्यास पाणी व पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला निघतो, तोही घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावा.

आता शाळेविषयी थोडे. क्रीडासंमेलन सकाळी सात वाजता सुरू होते व लांब पल्ल्याच्या शर्यती नवाच्या आत उरकतात. ध्वजस्तंभास एक सुती फीत बांधली आहे. फेब्रुवारीभर दर अर्ध्या तासाने तिची दिशा पाहून नववी व दहावीचे विद्यार्थी एका वहीत वारा फिरल्याची वेळ लिहितात. वहीत तीन रकाने आहेत: पहिला शाळेच्या अंदाजाचा, दुसरा प्रत्यक्ष वेळेचा. तिसरा रकाना दोन वर्षांपूर्वी मैदानावर पडलेल्या त्याच मुलाने स्वतःहून आखला आहे. तो आता दहावीत आहे. त्या रकान्यात तो सकाळी घरून निघताना आईने सांगितलेली वेळ लिहितो. या वर्षीच्या पहिल्या पंधरवड्यात आमचा अंदाज सहा दिवस चुकला, तिचा दोन दिवस.