मुळांवरील गाठी आणि जिवाणूंचे गोत्र

मावल्याच्या शिवारातील सोयाबीनचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला देतात व मोबदल्यात साखर घेतात. 1889 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी अशा जिवाणूंना ‘रायझोबियम’ हे नाव दिले. बराच काळ ते सारे एकाच कुलातले मानले गेले. परंतु 1982 मध्ये सोयाबीनचा सावकाश वाढणारा जिवाणू ‘ब्रॅडीरायझोबियम’ या प्रजातीत गेला. 1997 मध्ये हरभऱ्याचा ‘मेसोरायझोबियम’मध्ये. जनुकांची तुलना होताच त्यांची कुलेही निराळी ठरली. गाठी करणारी जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणजे धंदा एक असला तरी गोत्र एक असेलच असे नाही. हरभऱ्याचे जिवाणूखत सोयाबीनला उपयोगी पडत नाही. तेव्हा पाकिटावरील पिकाचे नाव वाचूनच पैसे मोजावेत.