अद्ययावतीकरण फसले, तर प्रिंटर कसा सावरावा?

महिन्याची अखेर आहे. पगारपत्रके, मालाची चलने आणि पुरवठादारांचे धनादेश छापून व्हायचे आहेत. अशा वेळी प्रिंटरच्या पडद्यावर नवी आवृत्ती उपलब्ध असल्याची सूचना येते, कोणीतरी सहज होकार देतो आणि काम अर्ध्यावर असताना वीज जाते. थोड्या वेळाने वीज परत येते. प्रिंटर मात्र जागा होत नाही. आपल्या अनेक व्यावसायिक ग्राहकांना हा अनुभव अपरिचित नसेल. अशा प्रसंगी काय करावे आणि काय टाळावे, याचा विचार या लेखात करू.

फर्मवेअर म्हणजे काय?

प्रत्येक प्रिंटरमध्ये एक छोटा संगणकच दडलेला असतो. कागद ओढणे, शाई अथवा टोनरची नोंद ठेवणे, संगणकाकडून आलेला मजकूर समजून घेणे ही सारी कामे ज्या आज्ञावलीनुसार चालतात, तिला फर्मवेअर म्हणतात. ती फ्लॅश मेमरीत साठवलेली असल्याने वीज गेल्यावरही पुसली जात नाही. अद्ययावतीकरणाच्या वेळी मात्र जुनी आज्ञावली पुसून तिच्या जागी नवी लिहिली जाते. हे लेखन मध्येच खंडित झाले, की जुनी गेलेली आणि नवी अपुरी, अशी अवस्था होते.

तथापि, कार्यालयीन वापराच्या बहुतेक प्रिंटरांत ‘बूटलोडर’ नावाची एक लहान प्रारंभिक आज्ञावली वेगळ्या जागी राखलेली असते. तिला सहसा हात लागत नाही. प्रिंटर सुरू होताच ती प्रथम जागी होते, मुख्य फर्मवेअर शाबूत आहे की नाही हे तपासते आणि नसल्यास नव्या फाइलीची वाट पाहत थांबते. म्हणूनच निकामी भासणारा प्रिंटर पुष्कळदा केवळ थांबलेला असतो.

सावरण्याचा क्रम

१) वीज गेली नसेल, तर आधी थांबावे. अद्ययावतीकरणात पडदा काही काळ काळा होणे, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे हे स्वाभाविक आहे. किमान अर्धा तास कोणतेही बटण दाबू नये.

२) संगणकावर छपाईसाठी रांगेत असलेली सर्व कामे रद्द करावीत. कर्मचाऱ्यांनी एकच आज्ञा पुन्हापुन्हा दिलेली असते. प्रिंटर सावरताच ती सारी छापली गेली, तर एकाच देयकाचे दोन धनादेश तयार होण्याचा धोका संभवतो.

३) प्रिंटर बंद करून विजेची, नेटवर्कची व यू.एस.बी.ची वायर काढावी. काही मिनिटांनी फक्त विजेची वायर थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये जोडावी. लेझर प्रिंटर तापताना बराच विद्युतभार घेतो. संगणकासाठीच्या लहान यू.पी.एस.वर तो लावल्यास यू.पी.एस.च बंद पडू शकतो.

४) तरीही यंत्र सुरू न झाल्यास मागील पट्टीवरील पूर्ण मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि नेमकी त्याचीच फाइल उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. क्रमांकातील एका अक्षराचा फरकही महत्त्वाचा असतो. ही फाइल वाय-फायने न पाठवता यू.एस.बी. वायरने पाठवावी.

५) मोठ्या यंत्रांत सुरुवातीलाच उघडणारी एक विशेष यादी असते. उदाहरणार्थ, एच.पी. कंपनीच्या फ्यूचरस्मार्ट प्रकारच्या प्रिंटरांत ‘प्री-बूट मेन्यू’तून पेनड्राइव्हवरील फर्मवेअर भरता येते. पेनड्राइव्ह एफ.ए.टी. ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. याच यादीत साठा पुसून टाकणारे पर्यायही असतात. तंत्रज्ञाच्या सल्ल्याविना ते निवडू नयेत, अन्यथा जतन केलेले पत्ते व मांडणी नष्ट होईल.

६) यंत्र सावरल्यावर त्याच्या मांडणीचे पान छापून आवृत्ती, नेटवर्कचा पत्ता व स्कॅनची सोय तपासावी. प्रशासकाचा पासवर्ड मूळ पदावर गेला असल्यास तो त्वरित बदलावा.

प्रत्येक बिघाड कार्यालयातच दुरुस्त होईल असे नाही. मे २०२३ मध्ये एच.पी. कंपनीच्या ऑफिसजेट प्रो ९०२० मालिकेतील काही प्रिंटर अद्ययावतीकरणानंतर निळ्या पडद्यावर ‘८३सी००००बी’ हा संकेत दाखवून बंद पडले. तेथे वापरणाऱ्यांची काही चूक नव्हती. अशा वेळी यंत्र न उघडता हमीची कागदपत्रे घेऊन उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे जाणेच इष्ट.

खरा धोका कोठे आहे?

प्रिंटरच्या नुकसानीला किमतीची मर्यादा असते, खात्यातील नुकसानीला ती नसते. घाईघाईने इंटरनेटवर मदत क्रमांक शोधताना बनावट क्रमांक हाती लागू शकतो. समोरची व्यक्ती गोड बोलून संगणकाचा दूरस्थ ताबा देणारे ॲप घ्यायला लावते, मग दुरुस्तीचे नाममात्र शुल्क ऑनलाइन भरण्यास सांगते. पडद्यावरील पासवर्ड व ओ.टी.पी. तिला दिसत असतात. यासाठी मदत क्रमांक यंत्रासोबतच्या पुस्तिकेतून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि बँक व्यवहाराच्या संगणकाचा ताबा कोणालाही देऊ नये. फसवणूक झालीच, तर तत्काळ आपल्या बँकेला व राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी १९३० ला कळवावे.

अद्ययावतीकरण टाळणे हा मात्र उपाय नव्हे. त्यातून सुरक्षेतील त्रुटी दूर होतात. ते महिनाअखेरीस न करता सुटीपूर्वीच्या निवांत वेळी, विजेची खात्री करून आणि मांडणीची नोंद ठेवून करावे. एकाहून अधिक प्रिंटर असल्यास एका वेळी एकच हाती घ्यावा. ‘अति घाई संकटात नेई’ ही रस्त्यावरील पाटी कार्यालयातील प्रिंटरलाही तितकीच लागू पडते.