पाठांतराआधी सहा पाकळ्या

पालकहो, वर्तुळाचा धडा सुरू झाला की घरोघरी एकच घोकंपट्टी ऐकू येते: परीघ म्हणजे दोन पाय आर, क्षेत्रफळ म्हणजे पाय आर वर्ग. मुलं पाठ करतात आणि पेपरात हटकून एकाच्या जागी दुसरं लिहितात. त्यांचा दोष कमीच. हा 'पाय' कुठून टपकला, ते त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

दाखवायला कंपासपेटी पुरते. वहीच्या शेवटच्या पानावर मुलं कंपासनं सहा पाकळ्यांचं फूल काढत बसतात ना, ज्यावरून आपण ओरडतो, तेच काढू द्या. वर्तुळ काढल्यावर कंपासचं माप बदलायचं नाही, म्हणजे ते त्रिज्येएवढंच राहतं. त्या मापानं वर्तुळावर खुणा करत गेलं, की सहा टप्प्यांत बरोबर पहिल्या खुणेवर येतो. आता शेजारशेजारच्या खुणा पट्टीनं जोडायला सांगा. झाल्या सहा जीवा, प्रत्येक त्रिज्येएवढी. सहा त्रिज्या म्हणजे तीन व्यास. पण वर्तुळाची रेघ जीवेवरून सरळ जात नाही, कंसावरून वळून जाते, आणि कंस जीवेपेक्षा लांब. तेव्हा परीघ व्यासाच्या तिपटीहून जास्तच भरणार. एवढं मुलानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की निम्मा धडा झाला.

किती जास्त, ते बांगडीवर मोजू द्या. बाहेरून दोरा गुंडाळला की परीघ मिळतो. व्यासासाठी केंद्र दिसत नाही, म्हणून मूल अडेल. लगेच सांगू नका. पट्टी सरकवत गेलं की सर्वांत लांब भरणारी जीवा तोच व्यास, हे त्याला सापडतं. जाता जाता, दोन-चार, दोन-सहा ही बांगडीची मापं आतल्या व्यासाचीच: दोन इंच आणि वर इंचाचे चार किंवा सहा सोळांश. व्यासातला फरक इंचाचा आठवा भाग, पण आतल्या परिघात तो जवळजवळ एक सेंटिमीटर होतो. एक माप हातात सहज चढतं आणि दुसरं अडतं, ते उगाच नाही.

आता परिघाला व्यासानं भागायला सांगा; हेच गुणोत्तर म्हणजे तो 'पाय'. मुलाचा भागाकार 3.1 येईल, कधी 3.2. "चुकलं, 3.14 हवं" असं कृपा करून म्हणू नका. दोरा ताणला जातो, पट्टीवर मिलिमीटरपेक्षा बारीक वाचता येत नाही. आर्यभटानं 3.1416 इतकी नेटकी किंमत देऊनही ती जवळपासचीच असल्याचं नोंदवलं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त 22/7 ही ढोबळ आणि 3927/1250 ही सूक्ष्म, अशा दोन किमती आहेत. आपल्याकडे मात्र दहावीची मुलंही 22/7 हीच पायची नेमकी किंमत समजतात. खरी किंमत त्याहून किंचित कमी आहे.

आणि एक विनंती. परीघ मोजून झाला म्हणून त्याच संध्याकाळी क्षेत्रफळाचं सूत्र पुढ्यात ठेवू नका. चार-आठ दिवस जाऊ द्या.