चित्रातला हात कुणाचा?

शंका : ग्रंथालयातून जादूचं सचित्र पुस्तक आणलं. नाणं गायब करायची कृती पंधरा दिवस करतोय. चित्रात आहेत तशीच बोटं ठेवतो, तरी धाकट्या बहिणीला नाणं दिसतंच. पुस्तक चुकलंय की माझा हात? (दहावीतला एक वाचक, वसमत)

समाधान : दोघंही चुकलेले नाहीत. आधी पाहा, चित्रातला हात कुणाच्या बाजूनं काढलाय? नाणं कुठं दडलंय ते कळावं म्हणून बरीच चित्रं करणाऱ्याच्या डोळ्यांनी काढलेली असतात. काही मात्र समोर बसलेल्याच्या बाजूनं असतात. एकाच पानावर दोन्ही आली की डावा हात उजवा वाटू लागतो. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीनं 'माझी बाजू' किंवा 'बहिणीची बाजू' असं लिही. (पुस्तक ग्रंथालयाचं आहे, तेव्हा वहीत लिही.)

दुसरी गोष्ट नाण्याची. अशी बरीच पुस्तकं अमेरिकी पुस्तकांवरून बेतलेली असतात आणि त्यांच्या चित्रांत अर्ध्या डॉलरचं नाणं असतं, साडेतीस मिलिमीटर व्यासाचं. आपला हल्लीचा रुपया जेमतेम २० ते २२ मिलिमीटर. तो तळहाताच्या घडीत धरूनच राहत नाही, घसरतो. दहाचं नाणं घे, ते २७ मिलिमीटर आहे.

आता कृती. नाणं डाव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि बोटांच्या टोकांत धर. उजव्या हाताचा अंगठा नाण्याखालून जाऊ दे, बोटं वरून येऊ देत. त्या आडोशात नाणं डाव्या तळहातात पडू दे आणि उजवी मूठ मिटून पुढं ने. पुस्तकात इतकंच असेल. जे चित्रात काढता येत नाही, ते असं : आधी वीस वेळा नाणं खरोखरच उजव्या हातात घे. मूठ किती घट्ट मिटते, मान कुठं वळते, रिकामा झालेला डावा हात कसा सैल पडतो, ते बघून ठेव. मग खोटं घेतानाही नेमकं तसंच झालं पाहिजे. तुझी बहीण नाणं बघत नसावी, तुझी नजर बघत असावी. तू चोरट्यासारखा डाव्या हाताकडं बघतोस, म्हणून ती तिकडं बघते. सराव आरशासमोर कर, पण नाणं पडतं त्या क्षणी आपले डोळे मिटतात हे आरसा सांगत नाही. घरच्या मोबाइलवर एकदा चित्रण करून बघ.

शंका : गुरूशिवाय, नुसत्या पुस्तकावर कुणी जादूगार झाला आहे का? (हिंगोली)

समाधान : पुस्तकावरून सुरुवात तरी झाली आहे, तीही चुकून. फ्रान्सचा रॉबेर-हूदँ तरुणपणी घड्याळजीचं काम शिकत होता. घड्याळांवरचे ग्रंथ घ्यायला तो दुकानात गेला आणि विक्रेत्यानं करमणुकीच्या प्रयोगांची पुस्तकं बांधून दिली, असं त्यानंच आठवणींत लिहिलंय. उलट आपले जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, राणा नावाच्या जादूगाराकडून शिकले आणि पुढं त्यांच्या घरात ही कला तीन पिढ्या चालली. माझं मत विचाराल तर पुस्तक कृती देतं, कुठं थांबायचं ते देत नाही. ते प्रेक्षकांकडून शिकावं लागतं. घरातले चार जणही चालतात. फक्त 'पुन्हा दाखव' म्हणाले की तीच जादू दाखवू नका. दुसऱ्या खेपेला त्यांना शेवट ठाऊक असतो, मग ते हातच बघत बसतात.

शंका : शाळेत पुस्तकातले प्रयोग करून दाखवायचे आहेत. गावात कुणी म्हणालं, जादूटोणाविरोधी कायद्यात अडकाल. खरं का? मुलांसाठी सोपा प्रयोग सुचवा. (शिक्षिका, सेनगाव तालुका)

समाधान : बाई, निर्धास्त राहा. २०१३चा कायदा चमत्काराचा दावा करून पैसे उकळणाऱ्यावर आणि लोकांना फसवणाऱ्यावर आहे. 'ही हातचलाखी आहे' म्हणून करमणूक करणाऱ्यावर नाही. हे एक वाक्य सुरुवातीलाच बोला. गंमत म्हणजे हातचलाखीची चित्रं छापण्यामागं फार पूर्वी लोकांचा असा भ्रम घालवण्याचाच हेतू होता. १५८४ साली इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटनं चेटकाच्या समजुती खोडणारं पुस्तक लिहिलं आणि त्यात खेळातल्या बनावट सुऱ्यांची चित्रं दिली.

प्रयोगासाठी लांब जाऊ नका, आपल्या जिल्ह्याची हळदच पुरे. जाड पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून तो वाळवा. खायच्या चुन्याची वरची निवळी घेऊन कापसाच्या बोळ्यानं त्यावर लिहा. अक्षरं लालभडक उमटतील. वरून लिंबाचा रस फिरवला की पुन्हा पिवळी. खायच्या सोड्यानं रंग फिका येतो, चुना किंवा धुण्याचा सोडा बरा. पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावून करतात, हे मुलांना आजीकडून विचारून आणायला सांगा. 'करणीचं रक्त' दाखवणाऱ्या बुवाच्या हातातही पुष्कळदा हेच दोन पदार्थ असतात, तेव्हा प्रयोगानंतर गुपित उघडं करा. एरवी जादूगारानं गुपित फोडू नये, पण हे फोडावंच. चुन्याची निवळी मात्र मुलांच्या हाती देऊ नका. डोळ्यांत गेली तर इजा होते. लिहायचं काम तुम्हीच करा.