पदव्युत्तर शिक्षण : विषयाची निवड आणि प्रवेश-अर्ज
(जसोंडी व सीमेलगतच्या गावांतील पदवीधरांसाठी)

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावातून पदवीपर्यंत पोचणारे तरुण आता विरळ राहिलेले नाहीत. अनेक घरांत मराठी, शाळेत हिंदी आणि पदवीपत्रावर इंदूरच्या विद्यापीठाची मुद्रा, अशा तिहेरी संस्कारात ही पिढी वाढली आहे. मुलींचाही त्यात वाटा आहे. मात्र पदवीच्या अखेरच्या वर्षी पुष्कळांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. ‘निकाल लागू द्या, मग पाहू’ असे घरोघर म्हटले जाते. निकाल लागतो तो उन्हाळा सरत आल्यावर, आणि तोपर्यंत देशातील बहुतेक नामवंत विद्यापीठांची दारे बंद झालेली असतात. मग जवळच्या महाविद्यालयात ज्या विषयाची जागा शिल्लक असेल तो विषय पदरी पडतो. एम.ए. किंवा एम.एस्सी. होते, पण ती निवड विद्यार्थ्याची नसते. जागा शिल्लक होती, इतकाच तिचा अर्थ असतो.

पदव्युत्तर प्रवेश हा निकालानंतर नव्हे, तर निकालाच्या कितीतरी आधी ठरतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर वर्गांसाठी २०२२ पासून सामायिक विद्यापीठ प्रवेश परीक्षा घेतली जाते. तिचे अर्ज साधारणतः थंडीच्या दिवसांत निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठानेही त्याच वर्षापासून आपल्या अध्ययनशाळांतील अनेक अभ्यासक्रमांसाठी हीच परीक्षा स्वीकारली. भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील एम.एस्सी.साठी ‘जॅम’ आणि एम.टेक.साठी ‘गेट’ या परीक्षा फेब्रुवारीत होतात, आणि त्यांचे अर्ज त्यापूर्वीच्या पावसाळ्याच्या अखेरीस भरावे लागतात. या सर्व परीक्षांना पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थी बसू शकतो. निकालपत्र नंतर सादर करता येते. केळीची लागवड करणारा शेतकरी रोपांची मागणी जमीन तयार होण्यापूर्वी नोंदवितो. येथेही तोच हिशेब आहे.

विषयाची निवड

विषय निवडताना दोन प्रश्न उपयोगी पडतात : कोणत्या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आहे, आणि त्या प्रश्नाचे जाणते कोठे आहेत? यांपैकी पहिला प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. वस्तुतः या परिसरात अभ्यासाचे विषय पायाशी पडलेले आहेत. तापीच्या खोऱ्यातील केळी हे जिल्ह्याचे प्रमुख पीक. त्यावरील विषाणूजन्य व बुरशीजन्य रोग, काढणीनंतरची नासाडी, खोडापासून धागा काढण्याचा उद्योग, यांपैकी प्रत्येकाला कृषी विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे. वनस्पतिरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या कृषी पदवीधराने जबलपूर व ग्वाल्हेर येथील कृषी विद्यापीठे तर पाहावीतच; पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगावला आहे, आणि राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे आहे, हेही त्याला ठाऊक असावे. पदवी एकीकडे घेऊन संशोधनाचे काम दुसरीकडे करण्याची सोय काही ठिकाणी असते. त्याबद्दल आधीच विचारून घ्यावे.

कलाशाखेच्या विद्यार्थ्याचीही गोष्ट वेगळी नाही. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा, म्हणजे अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातील भूमिगत जलव्यवस्था, पाहण्यास परदेशातून अभ्यासक येतात. ज्याच्या अंगणात ती आहे त्या तरुणाला मात्र पुरातत्त्व हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकता येतो याचीच कल्पना नसते. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. पदवीला जो विषय होता तोच पुढे घ्यावयाचा, ही समजूत अनेक ठिकाणी आता लागू नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन वेगळ्या विषयात जाता येते. अर्थात विद्यापीठाने तो नियम कसा स्वीकारला आहे हे माहितीपत्रकात पाहिलेच पाहिजे.

आणखी एक बदल समजून घेण्यासारखा आहे. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये नवे शैक्षणिक धोरण लागू केले. त्यामुळे कोणी तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडतो, तर कोणी चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स होतो. पहिल्याला पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा, दुसऱ्याला एक वर्षाचा. चार वर्षांच्या पदवीत एकूण किमान ७५ टक्के गुण मिळविणारा विद्यार्थी थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरू शकतो. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस थांबावयाचे की पुढे जावयाचे, हा निर्णय प्राध्यापकांशी बोलल्याखेरीज घेऊ नये. सर्वच विद्यापीठांनी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केलेला नाही, हे त्यात महत्त्वाचे.

सीमेच्या दोन बाजू

या भागातील विद्यार्थ्यापुढील खरी अडचण भूगोलाची आहे. इंदूरला जावयाचे तर खंडव्यावरून, इंदूर–इच्छापूर मार्गाने, सातपुडा व नर्मदा ओलांडून जावे लागते. याउलट रेल्वेने भुसावळमार्गे जळगाव गाठणे पुष्कळ सोपे. तेथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. भाषा आपली, नातेवाईक तेथे, आणि मुलीला पाठवावयास घरच्यांचे मन धजते, अशा कारणांनी जळगावची ओढ स्वाभाविक आहे. ती चुकीचीही नाही. परंतु विद्यापीठ जवळ असले तरी राज्य दुसरे आहे, आणि कागद राज्याचे पाहिले जातात.

मध्य प्रदेशात ज्याला मूलनिवासी प्रमाणपत्र म्हणतात आणि महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्र, ते एकाच प्रकारचे कागद असले तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जसोंडीच्या विद्यार्थ्याचा अर्ज महाराष्ट्रात परराज्यातील उमेदवार म्हणूनच धरला जातो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना जाहीर केलेली शुल्कमाफी त्या राज्याच्या अधिवासी मुलींसाठी आहे. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश-नियमांत काही तरतूद आहे. ती ऐकून बुऱ्हाणपूरकडील काहींचा समज होतो की मराठी मातृभाषा असली म्हणजे पुरे. तसे नाही. ती सवलत त्याच भागापुरती आहे.

जातीच्या दाखल्याविषयी तर अधिकच गैरसमज आढळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. एका राज्यातील दाखल्यावर दुसऱ्या राज्यातील राखीव जागेचा लाभ मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये दिला, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाचेच होते. केंद्रीय विद्यापीठांत मात्र हा अडसर येत नाही. तेथे मध्य प्रदेशाचा दाखला ग्राह्य असतो. इतर मागासवर्गीयांनी आपली जात केंद्राच्या यादीत, मध्य प्रदेशाच्या नावापुढे, आहे किंवा नाही हे पाहावे. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. तसेच केंद्रीय संस्थांना उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि चालू आर्थिक वर्षातील लागते. जुना कागद दाखविल्याने हातातोंडाशी आलेली जागा गेल्याचे प्रकार घडतात. लोकसेवा हमीचा कायदा मध्य प्रदेशात २०१० मध्ये झाला असल्याने ही प्रमाणपत्रे लोकसेवा केंद्रात अर्ज करून ठरावीक मुदतीत मिळविता येतात. ग्रामपंचायतीच्या सचिवांनी व शिक्षकांनी अखेरच्या वर्षातील मुलांना दिवाळीपूर्वीच याची आठवण दिली तर पुष्कळ धावपळ वाचेल.

सीमेचा हा प्रश्न पुढे नोकरीतही येतो. सहायक प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्याने हे जाणून असावे की राज्य पात्रता परीक्षा, म्हणजे ‘सेट’, ज्या राज्याची असेल त्याच राज्यात चालते. मध्य प्रदेशाची सेट उत्तीर्ण झालेला उमेदवार जळगावच्या महाविद्यालयात त्या आधारावर पात्र होत नाही. महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र व गोव्यापुरती. राष्ट्रीय ‘नेट’ मात्र सर्वत्र चालते, आणि २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही तिचे गुण धरले जाऊ लागले आहेत.

इंदूर आणि महूची दोन उदाहरणे

प्रवेश-अर्ज म्हणजे काय असते, हे कमला सोहोनी यांच्या चरित्रावरून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून कळेल. त्या मूळच्या भागवत. जन्म १९११ साली इंदूरचा. दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. वडील व चुलते दोघेही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. गुण पुरेसे होते, विषय योग्य होता. तरीही संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, उमेदवार स्त्री आहे एवढ्यासाठी, तो नाकारला. कमलाबाईंनी नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. त्या स्वतः जाऊन भेटल्या आणि नकाराचे कारण विचारीत राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. या अटी अपमानास्पद होत्या, आणि कमलाबाईंनी पुढे आयुष्यभर तसे स्पष्टपणे म्हटले. वर्षाअखेर त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित केले व संस्थेत स्त्रियांना प्रवेश देण्याचे धोरण पत्करले. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या. नंतर शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावरील अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या.

आज असा नकार कोणी उघडपणे देऊ शकत नाही. तथापि घरच्या ओसरीवर ‘मुलीला इतक्या लांब कशाला?’ हा प्रश्न अजून विचारला जातोच, आणि त्या नकाराविरुद्ध अपील करावयास कोणतेही कार्यालय नाही. वसतिगृहाची जागा, स्त्री-अधीक्षकांची नियुक्ती, शिष्यवृत्तीची रक्कम यांची लेखी माहिती वडिलांपुढे ठेवता आली तर बोलणे पुढे सरकते, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

दुसरे उदाहरण इंदूरजवळच्या महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत तीन वर्षांची होती, आणि नंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ मध्ये एम.ए. झाल्यावर ते पुढील वर्षी लंडनला गेले. पण १९१७ मध्ये, अभ्यास अपुरा असतानाच, शिष्यवृत्ती संपली व परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० मध्ये परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. शिष्यवृत्तीची मुदत, कराराच्या अटी आणि खंड पडल्यास परत येण्याची लेखी सोय या तिन्ही गोष्टी आजच्या विद्यार्थ्यानेही अर्जाच्या वेळीच वाचून ठेवाव्यात.

पैसा आणि कागद

खर्चाच्या भीतीने अर्जच न करणे हे सर्वांत नुकसानीचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय पदव्युत्तर शिष्यवृत्तीत वर्षातील दहा महिने दरमहा १५,००० रुपये देण्याची तरतूद आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळू लागले. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार यांखेरीज कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही आहे. शेत गहाण टाकून एखाद्या अनोळखी खाजगी संस्थेचे शुल्क भरण्यापूर्वी ही योजना बँकेत विचारून पाहावी. संस्थेचे नाव अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे की बनावट विद्यापीठांच्या यादीत, हेही त्याच वेळी पाहावे.

अर्जासोबत काही विद्यापीठे अभ्यासाच्या हेतूचे एक छोटे निवेदन मागतात. त्यात ‘लहानपणापासून आवड’ असे लिहिण्यापेक्षा कोणता प्रश्न अभ्यासावयाचा आहे आणि त्यासाठी आजवर काय वाचले, काय पाहिले, हे सांगितलेले परीक्षकांना अधिक पटते. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना किमान तीन आठवडे आधी भेटावे व आपले गुणपत्रक त्यांच्याजवळ द्यावे. आदल्या दिवशी मागितलेले पत्र आदल्या दिवशीसारखेच लिहिले जाते.

विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठे परराज्यातील पदवीधराची पात्रता वेगळी तपासतात. निमाडातील महाविद्यालयांसाठी २०२४ मध्ये खरगोन येथे क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले असल्याने, आपली नोंदणी इंदूरची की खरगोनची हे गुणपत्रकावर पाहून स्थलांतराचा अर्ज त्या-त्या विद्यापीठाकडेच करावा. मूळ प्रमाणपत्रे तपासणीनंतर परत घ्यावीत. ती अडकवून ठेवण्याचा अधिकार संस्थेला नाही, असे अनुदान आयोगाने २०१८ मध्ये सर्व संस्थांना कळविले आहे. छायाप्रतींचे दोन संच घरी असू द्यावेत. एक विद्यार्थ्याजवळ आणि एक वडिलांच्या पेटीत.